आईच्या पाठीने पास केलेली गादी

आई,

परवा दुकानात एक बाई आली. गंगापूर रोडला नवीन फ्लॅट घेतलाय, फर्निचर झालंय, आता गादी हवी. खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारते, "मेमरी फोमवर झोपायचे फायदे-तोटे एकदा खरे खरे सांगा हो. सगळीकडे नुसते फायदेच सांगतात." मी म्हटलं, "आधी झोपा. मग उठा. मग बोलू." ती गोरीमोरी झाली. भर दुकानात, रस्त्यावरून माणसं जाताहेत, आणि साडी नेसलेल्या बाईने आडवं व्हायचं म्हणजे काय! पण झाली बिचारी. पाठ टेकली तसं तिच्या तोंडावर ते सुख आलं, जे सगळ्यांच्याच तोंडावर येतं. मग म्हटलं, "आता उठा." तिने एक हात गादीवर रोवला, तो रुतला. दुसरा हात गुडघ्यावर ठेवला, "अगं बाई गं" म्हणाली आणि कशीबशी उठून बसली. मी म्हटलं, "गुडघे दुखतात ना? मग ही तुमच्यासाठी नाही. साहेबांच्या बाजूला फोम घाला, तुमच्या बाजूला आपण कापसाची घट्ट करू." शेजारचा पडदेवाला शेठ ऐकत होता. ती गेल्यावर म्हणतो, "ताई, तुम्ही दुकान चालवता की दवाखाना?" मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! त्याला काय ठाऊक मला हे कुणी शिकवलं ते. म्हणून आज दुपारी गिऱ्हाईक नाही तर तुला लिहायला बसलेय.

तेव्हा आपलं दुकान पंचवटीत, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. पुढे दुकान, मागे आपण, मधे एक पडदा, आणि त्या पडद्याला कापसाने कधी जुमानलं नाही. पोळीत कापूस, आमटीत कापूस, माझ्या भूगोलाच्या पुस्तकात कापूस. तू कणीक मळून तिच्यावर ओलं फडकं टाकायचीस, तरी लाटताना एखादा पांढरा धागा पोळीच्या कडेला निघायचाच. वेणीत कापूस अडकलेला असायचा म्हणून शाळेत मुली मला म्हातारी म्हणायच्या. मी रडत घरी आले की तू हसायचीस. "म्हातारी तर म्हातारी. म्हाताऱ्या माणसाला लोक बसायला जागा देत्यात!" बाबा गेले तेव्हा मी चौथीत. सगळे तुला सांगत होते, दुकान देऊन टाक, चांदवडला भावाकडे जा, कांद्याचं शेत आहे, दोघींचं भागेल. बाईमाणसाने गादीचं दुकान चालवायचं? तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "झोपत्यात बाया बी आन पुरुष बी. मंग गादी शिवायला पुरुषच लागतो का?" मशीनवर कापूस पिंजायला चाचा होते, बाबांच्या वेळेपासूनचे. त्यांनी तुला भरणं शिकवलं, गादीपाटाच्या खोळीत कापूस कोपऱ्यापर्यंत कसा दाबायचा ते शिकवलं, दाभण धरायला शिकवलं. दोन-तीन वर्षांत तुझा टाका असा पडायला लागला की चाचा म्हणायचे, "भाभी, आता मी फक्त मशीन चालवतो, कारागीर तुम्ही."

गादी विकली असं तू कधी म्हणायची नाहीस. "घोटीची सासरी गेली," म्हणायचीस. आणि दोन-तीन वर्षांनी तीच गादी टेम्पोवर बांधून पिंजायला परत आली की, "माहेरपणाला आली बघ." खोळ उसवायची, गाठी झालेला कापूस मशीनमध्ये घालायचा, वर थोडा नवा मिसळायचा, धुतलेल्या खोळीत परत भरायचा, टाके घालायचे. त्या निमित्ताने त्या घरातली बाई तासभर तुझ्यापाशी बसायची, चहा व्हायचा, कुणाचं लग्न जमलं, कुणाला दमा लागला ते कळायचं. आणि तुझा तो नियम. नवा कापूस आला, नवं कापड आलं, की त्याची पहिली गादी दुकानात मांडायची नाही, घरात आणायची, आणि तू तिच्यावर झोपायचीस. तुझ्या पाठीने पास केली तर तो माल दुकानात, नाही तर व्यापाऱ्याला माल परत. एकदा एका व्यापाऱ्याने आणलेला कापूस दिसायला दुधासारखा पांढरा होता, चाचासुद्धा खूश. चार दिवसांनी तू सकाळी मान चोळत बाहेर आलीस आणि म्हणालीस, "गोरा हाय, पण गुण नाय." गेला बिचारा पोती उचलून.

तू मला फार बोलली नाहीस कधी, पण एकदा बोलणी खाल्ली ती अजून कानात आहेत. रामकुंड जवळ म्हणून आपल्याकडे शय्यादानाच्या गाद्यांची गिऱ्हाइकं फार. गेलेल्या माणसाच्या नावाने तेराव्याला गादी, उशी, चादर दान करायची. आजूबाजूची दुकानं त्यासाठी वेगळ्याच गाद्या बनवायची, हातभर रुंद, आत चिंध्या, वरून झकपक कापड. तू मात्र शय्यादानाचीही पुरी सहा फुटी भरायचीस. मी नववीत, तुला मदत करून वैतागलेली. म्हटलं, "आई, भर ना चिंध्या. त्याच्यावर कोण झोपणार आहे? मेलेला माणूस?" तू दाभण खाली ठेवलंस. "मेलेल्याच्या नावानं दिली तरी झोपणार जिताच माणूस हाय. त्याच्या पाठीनं काय घोडं मारलंय कुणाचं?" एवढ्यावर थांबतेस तर तू कसली! समोरच्या दुकानातून चिंध्यांची एक गादी मागून आणलीस आणि रविवारी दुपारभर मला तिच्यावर झोपायला लावलंस. संध्याकाळी माझी मान एका बाजूला. चाचा बघून हसताहेत आणि तू शांतपणे तेल गरम करतेयस.  पुढे दहावीच्या परीक्षेला तू मला शेवरीच्या कापसाची छोटी उशी करून दिलीस, इतकी मऊ की मी अभ्यासाला बसायच्या ऐवजी झोपायचे. तुझ्या हाताचा मला एवढा गर्व होता, की मैत्रिणींना घरी आणून मी त्या उशीवर डोकं ठेवायला लावायचे.

मग मी बी.कॉम. झाले, फर्निचरच्या एका मोठ्या शोरूममध्ये नोकरीला लागले, आणि तिथे उभी राहून मला आपलं दुकान दिसायला लागलं. नाशिक वर चढत होतं. चौथ्या मजल्यावरून कापसाची गादी खाली कोण आणणार? गच्चीला कुलूप, सोसायटीची परवानगी, ऊन दाखवायचं कुठे? चाचांचं मशीन दिवसच्या दिवस गप्प असायचं. तू दुकानात बसून उशांचे अभ्रे शिवायचीस आणि "सध्या मंदी हाय" म्हणायचीस. मंदी नव्हती गं, आई. लोक गाद्या घेत होते, आपल्या घेत नव्हते. त्यातच शोरूमवाल्यांनी मला पुण्याला मोठ्या जागी पाठवायचं ठरवलं. मी एका दुपारी सरळ तुझ्यासमोर बसले. म्हटलं, अर्ध्या दुकानात फोमच्या गाद्या लावू, मी नोकरी सोडून इथे बसते. तू नाही म्हणालीस तर मी पुण्याला जाईन आणि परत हा विषय काढणार नाही. तू म्हणालीस, "फोम म्हंजे स्पंज ना? भांडी घासायचा?"

मी शोरूममधून एक गादी आणली, मेमरी फोमची. गुंडाळलेली होती, उघडली तशी घरभर वास सुटला. तू नाकाला पदर लावलास. "चपलाचं दुकान उघडलंय का घरात?" मी तुझा हात धरून त्या गादीवर दाबला आणि काढला. तुझा पंजा तिच्यावर उमटला, पाचही बोटं, आणि हळूहळू, अगदी सावकाश, तो भरून आला. तू परत दाबलास. परत भरून आला. चाचांना हाक मारलीस, त्यांचा पंजा दाबायला लावलास. दोघं लहान पोरांसारखी कितीतरी वेळ ठसे उमटवत बसलात. मला वाटलं, झालं काम! तू उठलीस, हात झटकलेस आणि म्हणालीस, "खेळणं चांगलं हाय. पण झोपून बघितल्याबिगर मी दुकानात घेणार नाय. थंडी, ऊन, पाऊस, तिन्ही बघीन. दसऱ्याला सांगीन." दसरा नुकताच होऊन गेला होता! म्हणजे पुरतं वर्ष. शोरूमच्या मॅनेजरला मी सांगितलं की पुण्याचं मला वर्षभर विचारू नका. तो म्हणाला, "का, लग्न आहे?" मी म्हटलं, "नाही. माझ्या आईची पाठ निकाल देणार आहे." 

आणि मग तो तुझा रोजचा कार्यक्रम. सकाळी चाचा आले की त्यांच्या हातात चहाचा पेला द्यायचा आणि गादीचा उद्धार करायचा. पौषातली थंडी, नळाच्या पाण्याला हात लावला तर हात आखडतोय. तू सांगतेयस, "रात्री फळीवर झोपले होते बघा. मंग माझ्या अंगाच्या उबेनं ती नरम झाली. आता मला सांगा, गादीनं माणसाला ऊब द्यायची का माणसानं गादीला?" चाचा मान डोलावताहेत, त्यांना तर हेच ऐकायचंय. दुसऱ्या दिवशी, "उठाया गेले तर भाताच्या खाचरात पडल्यावानी झालं. जितकं उठावं तितकं रुतावं." तिसऱ्या दिवशी, "कूस बदलायची तर आधी अर्ज द्यावा लागतो." मी आतून पोळ्या करता करता ऐकायची आणि मनात म्हणायची, संपलं, मी पुण्याला चालले. चैत्र लागला तशी आणखी एक तक्रार वाढली. तुझ्या पाठीखाली घाम साचायचा, चादर ओली व्हायची. मी म्हटलं, आई, फरशीवर झोप, कशाला जीव जाळतेस? तर म्हणालीस, "परीक्षा हाय. मधी उठून जायचं नसतं." इतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. तेव्हा राग यायचा, आता ऊर भरून येतो.

आखाजीच्या सणाआधीचा तो दिवस. सगळ्या गल्लीने अंथरुणं गच्चीवर टाकलेली, जिकडेतिकडे धपाधप काठ्यांचे आवाज. मी शोरूममधून लवकर आले, वर गेले, आणि बघते तो काय! भर उन्हात फोमची गादी कठड्यावर आडवी टाकलीय आणि तू पदर बांधून वेताच्या काठीने तिला झोडपतेयस. "अगं, काय करतेस!" मी किंचाळलेच. तू घाम पुसत म्हणालीस, "धूळ निघंना, आवाज येईना. मारलं तरी गप. कसली घुमी हाय गं ही!" मी म्हटलं, उन्हात ठेवायची नसते ही, काठी लावायची नसते, वर लिहिलंय तसं. "लिहिणारा झोपलाय का हिच्यावर कधी?" कठड्याच्या कडेला घासून तिचा कोपरा फाटला होता. "त्यात काय, आत्ता शिवते," म्हणून तू दाभण आणि जाड दोरा आणलास. टाका घातलास, ओढलास, आणि दोरा फोम कापत सरळ बाहेर आला. परत घातलास, परत कापत आला. कापडाचं ठिगळ लावून बघितलंस, तेही सुटलं. तू दाभण हातात घेऊन कठड्यापाशी बसून राहिलीस. किती फाटक्या, कुजक्या, उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या तू उभ्या केल्यास आयुष्यात. "हिला दुरुस्तीच नाय?" तू विचारलंस. मी म्हटलं, नाही. "मंग ही माहेरी कधी येणारच नाय." त्या दिवशी तू घाबरलेली दिसलीस मला, बाबा गेले तेव्हासुद्धा नव्हतीस. मला खात्री झाली की निकाल लागला. मी वाद घातला नाही. खाली जाऊन दोघींचा चहा टाकला.

तुझ्या उजव्या खांद्याचं मला लिहायलाच हवं. दाभण ओढून ओढून तो गेलेला. मी कॉलेजात असल्यापासून तुझा हात डोक्याच्या वर जायचा नाही, अंबाडा घालायला तू मला बोलवायचीस. उजव्या कुशीवर तर तू झोपायचीच नाहीस, खांदा टेकला की जीव जायचा तुझा. रात्रभर डावी कूस. डॉक्टर झाले, मालिश झाली, आणि तू म्हणायचीस, धंद्याचं दुखणं हाय, धंद्याबरोबर जाईल. तर श्रावणातली गोष्ट. पाऊस लागून राहिलेला, घरातली कापसाची अंथरुणं ओल धरून आंबूस झालेली, आणि तुझी फोमची गादी मात्र कोरडीठाक. तू चूल-पाण्याला उठलीस आणि मी तुझी चादर काढायला गेले. गादीवर तुझा ठसा अजून होता. खांद्याचा खोल खड्डा, कमरेचा खोल खड्डा, गुडघे पोटाशी घेतलेले. आणि तो सगळा उजव्या कुशीचा. मी बघत उभी राहिले आणि तो माझ्यादेखत हळूहळू भरून आला. दुसऱ्या दिवशी परत बघितलं. परत उजवी कूस. बाहेर तू चाचांना सांगतेयस, "कसली मेली गादी, कुबट वास तेवढा गेलाय, बाकी काही अर्थ नाय," आणि आत ती गादी तुझी चहाडी करतेय! मला हसू आलं आणि रडूही आलं. मी तुला काही बोलले नाही. तू लपवत नव्हतीस, मला कळलं होतं. तू घाबरत होतीस. पास म्हटलं तर चाचांनी कुठे जायचं, मशीनचं काय करायचं, आणि तू इतकी वर्षं जे केलंस ते काय म्हणून केलंस?

दसरा आला. मशीनला, कात्रीला, दाभणाला झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं, चाचांनी पेढे वाटले. तेवढ्यात घोटीचं ते जोडपं आलं, आपलं जुनं गिऱ्हाईक, मुलीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला. बाईची नजर कोपऱ्यात उभ्या केलेल्या फोमच्या गादीवर गेली. ती मी मुद्दाम तिथे आणून ठेवली होती, खोटं कशाला बोलू. "ही कसली?" मी तोंड उघडलं. तू हातानेच मला थांबवलंस आणि पुढे झालीस.  पुण्याला जायचं की इथे राहायचं ते आता ठरणार होतं.

"ही फोमची," तू म्हणालीस. "माझ्या पोरीनं आणली. मी वरीसभर झोपले हिच्यावर, तवा ऐका. थंडीत ही दगड होती. उन्हाळ्यात चूल होती. गुडघ्याचा माणूस हिच्यातनं उठत नाय. उन्हात टाकायची नाय, काठी लावायची नाय. फाटली तर शिवता येत नाय, मला बी नाय. जुनी झाली की पिंजून नवी होत नाय, फेकूनच द्यायची. हे झालं वाईट." तू डावा हात उजव्या खांद्यावर ठेवलास. "आता चांगलं. ओल धरीत नाय. गाठी होत नायत. शेजारच्यानं कूस बदलली तर आपल्याला हिसका बसत नाय म्हणत्यात, ते मला ठावं नाय, माझ्या शेजारी कुणी नाय. पण ह्या खांद्यावर मी कैक वरसं झोपले नव्हते. सोता पिंजलेला, सोता भरलेला कापूस होता माझा, त्यानं टेकू दिला नाय. हिनं दिला. लय झोप लागली मला हिच्यावर."  चाचांच्या हातातला पेढा तसाच. मग ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "भाभी, आपल्याच मालाचं असं बोलायचं? तेही गिऱ्हाइकासमोर?" तू त्यांच्याकडे वळलीस. "चाचा, माझ्या पाठीनं सांगितलं ते मी सांगितलं. पाठ काय दुकानदार हाय का?"

त्या बाईने मुलीसाठी कापसाच्या गाद्या सांगितल्या आणि स्वतःच्या कंबरेसाठी फोमची. म्हणाली, तुम्ही वाईट पण सांगितलं म्हणून घेते. ते गेल्यावर तू मला अटी घातल्यास, एकेक बोट मोडत. गिऱ्हाइकाला झोपवायचं, आणि उठवायचं पण. ज्याला उठता येत नाही त्याला द्यायची नाही, तो कितीही मागो. जन्मभर टिकेल असं सांगायचं नाही. आणि चाचा आहेत तोवर मशीन जागेवरून हलणार नाही. चाचांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी पुढच्या आठवड्यात नोकरी सोडली. सगळे म्हणाले, पोरीने आईला जिंकलं. छे! कसलं जिंकलं. आयुष्यभर कापूस विकलेली बाई, आपल्या कारागिरासमोर, जुन्या गिऱ्हाइकासमोर, सणाच्या दिवशी उभी राहून सांगते की माझ्या मालाने मला झोप दिली नाही. ही छाती कुणाकडे असते? मी त्या दिवशी तुझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, मी हिची मुलगी आहे, बस, आणखी काही नको. हे तुला तेव्हा बोलायला हवं होतं, पण आपल्या घरात असं कुणी बोलायचं नाही.

पुढची काही वर्षं आपण दोघींनी दुकान चालवलं. तुझी बाजू, माझी बाजू. लोक तुझ्याकडे कापसाची घ्यायला यायचे आणि तू त्यांना माझ्याकडे ढकलायचीस, "तुमच्या मानेचं दुखणं माझ्याच्यानं जायचं नाय, तिकडं झोपा." आणि मी कुणा आजीला तुझ्याकडे पाठवायची. मग एका माघात तू गेलीस, कुणाला त्रास न देता, दुपारच्या चहाच्या वेळी.

तेराव्याच्या शय्यादानाची गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. विधीला चुलतभाऊ बसणार होता, सामान माझ्याकडे. चाचांनी कुणी न सांगता आठ दिवस आधीच सगळ्यात चांगला कापूस पिंजून ठेवला होता. मी गुरुजींना गाठलं. विचारलं, "गुरुजी, ही गादी घरी नेल्यावर हिच्यावर झोपणार कोण?" ते चमकले. आधी म्हणाले, ती मृतात्म्याला पोचते. मग हसले. "आजवर कुणी विचारलं नव्हतं हो. मीच झोपेन. दिवसभर मांडी घालून बसून कंबर गेलीय माझी." मी विचारलं, "आणि गुडघे?" म्हणाले, "गुडघे ठणठणीत. गोदावरीच्या पायऱ्या रोज चढतो-उतरतो." झालं, माझं ठरलं. मामा चांदवडहून आलेले, ते भडकले. "कापसाच्या गादीवाल्या बाईच्या नावानं स्पंज देती? लोक तोंडात श्याण घालतील." मी म्हटलं, "मामा, कंबर त्यांची दुखतेय, लोकांची नाही."  चाचा पिंजलेल्या कापसाकडे बघत म्हणाले, "बेटा, मग उशी तरी माझी दे." उशी त्यांची दिली. अशी शय्या त्या घाटावर कुणी दिली नसेल, आणि ती बघून मला तेराव्याच्या दिवशी, सगळे रडत असताना, अभिमान वाटत होता.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. दानाची गादी कोरी लागते, कुणाची पाठ न लागलेली. आदल्या दिवशी दुपारी मी ती दुकानात उघडली. आपल्या दुकानातून झोपून बघितल्याशिवाय गादी बाहेर गेलेली नाही, तर तुझ्या नावाची कशी जाऊ देऊ? नुसती पाठ टेकून उठणार होते. डोळे उघडले तेव्हा दिवेलागण झाली होती, चाचांनी शटर अर्धं ओढून घेतलं होतं आणि ते बाहेर स्टूलवर बसून गिऱ्हाइकांना परत पाठवत होते. दुसऱ्या दिवशी संकल्प सोडताना गुरुजींनी मला विचारलं, "ताई, कोरी आहे ना?" मी हो म्हटलं. कोरी नव्हती, आई. तू गेल्यावर मला पहिल्यांदा झोप लागली ती तिच्यावर.